तुटीची वाटणी

वक्तृत्व स्पर्धेत 'आंतरराज्य पाणीतंटे' हा विषय निघाला की भाषणे कशी होणार हे आता श्रोत्यांना पाठ झाले आहे. पहिल्या मिनिटात पाणी म्हणजे जीवन, दुसऱ्यात कावेरी, तिसऱ्यात अलमट्टीची उंची आणि आपल्यावर झालेला अन्याय, आणि घंटा वाजता वाजता राष्ट्रीय एकात्मता. टाळ्या पडतात, ढाल मिळते. पण कृष्णेचे पाणी ज्या हिशेबाने वाटले गेले तो हिशेब काय आहे, आणि आपण घाटकोपर-मुलुंड-बोरिवलीची मंडळी त्या हिशेबात कुठे बसतो, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपण त्या पंगतीत आहोत, आणि चांगले पाट मांडून ऐसपैस बसलो आहोत. ते कसे, हे सांगण्यापूर्वी थोडे आकडे सांगणे भाग आहे. कलाशाखेच्या वाचकांनी पान उलटू नये. गणित पाचवीचे आहे.

कृष्णा खोऱ्याच्या पाण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ साली न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. त्याचा निवाडा १९७३ साली आला व १९७६ साली त्याला अंतिम स्वरूप मिळाले. लवादाने खोऱ्यातील पाणी २०६० टीएमसी धरले आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी असे वाटून दिले. (पुनरुद्भवाचे थोडे पाणी त्यावर मिळाले, ते येथे सोडून देऊ.) टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर. एवढ्याने डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, म्हणून दुसरे माप सांगते. मुंबई महानगरपालिका कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत साऱ्या नळांना मिळून वर्षभरात जे पाणी पुरवते, ते साधारण ५० टीएमसी भरते. हे माप वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता खरी गोम अशी, की २०६० हा आकडा '७५ टक्के विश्वासार्हतेचा' आहे. शंभर वर्षांपैकी पंचाहत्तर वर्षे नदीत निदान एवढे पाणी येईल, असा त्याचा अर्थ. मग उरलेल्या पंचवीस वर्षांचे काय? चारांतले एक वर्ष असे येणारच, की वाटून दिलेले पाणी नदीत मुळात नसेल. त्या वर्षी कोणी किती कमी घ्यायचे? लवादाला हा प्रश्न सुचला नव्हता असे नाही. त्याने 'अ' आणि 'ब' अशा दोन योजनांचा विचार केला होता. 'ब' योजनेत कृष्णा खोरे प्राधिकरण स्थापन करावे, चांगल्या वर्षीचे जादा पाणी जसे वाटायचे तशी वाईट वर्षीची तूटही राज्यांनी प्रमाणात वाटून घ्यावी, असे होते. ती योजना राज्यांच्या संमतीवर अथवा संसदेच्या कायद्यावर सोपवली गेली आणि तिथेच राहिली. अंमलात आली ती 'अ' योजना. तीत प्रत्येकाने आपापल्या मर्यादेपर्यंत पाणी वापरावे, एवढेच. नदी वरून खाली वाहते. तेव्हा वरच्याची धरणे आधी भरतात आणि तूट वाहत वाहत शेवटच्याच्या पदरी जाऊन पडते. म्हणून आंध्रला चांगल्या वर्षी उरलेले पाणी वापरण्याची मुभा दिली, पण त्यावर हक्क नाही असेही बजावले. शेवटच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्याला सांगावे, 'उरले तर सगळे तुमचे, नाही उरले तर देवाची इच्छा', तसाच हा प्रकार.

पुढे २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांचा दुसरा लवाद आला. त्याने २०१० साली निर्णय दिला व २०१३ साली त्यात सुधारणा केल्या. वाढीव पाणी वाटताना त्याने विश्वासार्हतेचे माप ६५ टक्क्यांवर आणि त्याही पलीकडे सरासरी प्रवाहापर्यंत आणले. म्हणजे कागदावर पाणी वाढले, पण ते प्रत्यक्ष नदीत येण्याची खात्री कमी झाली. हा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशामुळे राजपत्रात प्रसिद्ध होण्यावाचून अडकला. मध्यंतरी २०१४ साली तेलंगण वेगळे झाले आणि पंगतीला आणखी एक पान वाढले. पहिल्या निवाड्याला अर्धशतक उलटले. या अवधीत १९८५ ते ८७, २००३, २०१२, २०१५, २०१८, २०२३ असे दुष्काळ येऊन गेले. प्रत्येक वेळी मंत्र्यांनी मंत्र्यांना पत्रे लिहिली, शिष्टमंडळे गेली, पाणी कधी सुटले, कधी सुटले नाही. पण तुटीची वाटणी म्हणून जी लेखी हवी, ती नाहीच.

उन्हाळ्यात कर्नाटकातील बेळगाव, विजापूर, बागलकोटचे लोक पाण्यावाचून तळमळू लागले की कर्नाटक सरकार कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे मागणी करते. काही वर्षी ते पैसे मोजून मिळाले. २०१९ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने पैसे नकोत, पाण्याच्या बदल्यात पाणी द्या, जत आणि अक्कलकोटला द्या, अशी भूमिका घेतली. भूमिका वाजवी होती. मला तर ती आवडली. पण बोलणी मे महिन्यात सुरू झाली तर पाणी जूनमध्येही पोहोचत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

जतचे नाव आले म्हणून सांगते. माझी आत्या जत तालुक्याच्या पूर्व भागात राहते. त्या गावात बायका भांडतात मराठीत आणि पैसे मोजतात कानडीत, त्यामुळे सीमा कुठली हे कोणाला विचारायचे कारण पडत नाही. कृष्णा मिरज तालुक्यातून वाहते, तिथून म्हैसाळ योजनेने पाणी उचलून जतकडे आणले. पण पूर्वेकडील गावे मूळ योजनेत नव्हतीच. उलट सीमेपलीकडे कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर योजनेने तेच कृष्णेचे पाणी उचलून आपल्या कोरड्या गावांना दिले. इकडच्या माणसाला तिकडची हिरवळ दिसते. २०१२ साली जतमधील चाळीसेक गावांनी कर्नाटकात जाऊ द्या असे ठराव केले. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या ठरावांची आठवण काढली तेव्हा मुंबईत केवढा गदारोळ उडाला! आमच्या महाविद्यालयातही निषेधाची सभा झाली. त्याच सुमारास कर्नाटकाने सीमेवरच्या गावांकडे थोडे पाणी सोडलेही, आणि मग आपल्याकडे विस्तारित म्हैसाळ योजनेची कागदपत्रे भराभर हलू लागली. आत्या म्हणाली, "भाषेसाठी कुणी जात नाही गं तिकडं. घागरीसाठी जातंय." निषेधाच्या सभेत हे कोणी बोलले नव्हते.

आता आपल्या पाटावर येऊ.

महाराष्ट्राच्या वाट्याच्या ५६० टीएमसीपैकी सगळे पाणी काही पूर्वेला शेताला आणि घागरीला जात नाही. त्यातील मोठा भाग सह्याद्रीच्या माथ्यावर अडवून, बोगद्यातून पश्चिमेला वळवून, खाली कोकणात टाकतात व त्यावर वीज करतात. कोयनेतून असे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवण्यास बच्छावत लवादाने मान्यता दिली. भीमेच्या वरच्या खोऱ्यातून, म्हणजे वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी इत्यादी टाटांच्या धरणांतून, एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ आणि पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. सरासरी काढली तर वर्षाला ४२ च्या वर. दोन्ही मिळून सुमारे ११० टीएमसी झाले. मघाचे माप आठवावे: सारी मुंबई वर्षभर जेवढे पाणी पिते, धुते, सांडते, त्याच्या दुपटीहून हे अधिक आहे. आणि महाराष्ट्राच्या वाट्याचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे.

ही वीज कोणासाठी सुरू झाली? खोपोलीचे वीजघर १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली चालू झाले, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि मुंबईच्या दिव्यांसाठी. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला, तो याच धरणाविरुद्ध. तो सत्याग्रह आपण इतिहासाच्या पेपरात पाच गुणांच्या टीपेसाठी पाठ करतो. मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली, हे त्या टीपेत येते. पूर्वेला भीमेकाठच्या सोलापूरला, आणि त्याही खाली कर्नाटकातील इंडी-अफझलपूरला जाऊ शकणारे पाणी त्या दिवसापासून कुंडलिकेच्या वाटेने समुद्राकडे निघाले, हे येत नाही.

तेव्हा दुष्काळाच्या वर्षी जतची घागर आणि कर्नाटकातील अथणीची घागर यांच्यामध्ये भांडण लागते, त्या भांडणात तिसरा पक्षकार मुलुंडचा पंखा असतो. तो कोर्टात हजर नसतो एवढेच. आमच्या इमारतीत जिन्यातले दिवे दिवसाढवळ्या जळत असतात. ते सगळे कोयनेच्या पाण्यावर जळतात असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. आता मुंबईच्या विजेत कोळशाचा वाटा फार मोठा आहे. पण हीच तर माझ्या म्हणण्यातील जमेची बाजू आहे. १९१५ साली पाण्यावाचून मुंबईला वीज मिळणे कठीण होते. आज मुंबईची कमाल मागणी चार हजार मेगावॅटच्या घरात आणि टाटांच्या जलविद्युत केंद्रांची एकूण क्षमता साडेचारशेच्या आत आहे. विजेला दुसऱ्या वाटा सापडल्या. पाण्याला दुसरी वाट नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या वर्षी दोन्ही राज्यांत दुष्काळ जाहीर होईल, त्या वर्षी पश्चिमेला वळणाऱ्या पाण्यातून ठरावीक हिस्सा वळवू नये. तो पूर्वेला, कोयनेतून कृष्णेत आणि मुळशीतून मुळा-भीमेत, सोडावा. तो आधी पिण्यासाठी आणि जनावरांसाठी असावा आणि सीमेच्या दोन्ही अंगांना मिळावा. हे पाणी लवादाने महाराष्ट्राच्या पदरात टाकलेले आहे. ते कुठे सोडायचे हे ठरवताना कोणाच्या कोर्टात जायला नको. त्याच्या बदल्यात कर्नाटकाने तुबची-बबलेश्वरचे पाणी जतच्या पूर्व भागाला आणि अक्कलकोटच्या सीमेकडील गावांना द्यावे. आणि हे सारे प्रमाण ऑक्टोबरात, धरणांतील साठा पाहून ठरावे. मे महिन्यात शिष्टमंडळे धाडून नव्हे.

याची किंमत किती, तेही मोजून पाहिले. पाचशे मीटर उंचीवरून १ टीएमसी पाणी खाली सोडले तर सुमारे साडेतीन कोटी युनिट वीज होते. पाच टीएमसी राखले तर सतरा कोटी युनिटांवर पाणी सोडावे लागेल. (शब्दश्लेष आपोआप झाला, क्षमस्व.) मुंबईच्या वर्षाच्या वापरापुढे हा आकडा शेकड्याला एकही भरत नाही. उलट त्याच पाच टीएमसीमध्ये माणशी दररोज चाळीस लिटर या हिशेबाने सुमारे सत्त्याण्णव लाख माणसांची वर्षभराची सोय होते. वाटेत ऊन पिऊन टाकील, पात्र मुरवून टाकील, निम्मे उडाले असे धरू. तरी पन्नास लाखांच्या जवळपास माणसे उरतात.

यावर हरकती येणार. माझ्या अर्थशास्त्राच्या सरांनीच पहिली घेतली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा शहर पुन्हा उभे करायला याच जलविद्युत केंद्रांचा आधार झाला. ती बटन दाबताच सुरू होतात, कोळशाचे तसे नाही. हे खरे आहे. म्हणूनच मी सगळे पाणी मागत नाही. संकटासाठी लागणारे राखून बाकीच्यातून द्यावे. दुसरी हरकत ठाणे-रायगडकरांची. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत उतरते व तिच्या काठची शहरे तेच पितात, खोपोलीचे पाताळगंगेत उतरते. त्यांच्या नळाचे पाणी काढून जतला देणे हा न्याय नव्हे. म्हणून कपात तिथे करू नये. कोयना आणि मुळशी येथे करावी. वाशिष्ठीत उतरणारे कोयनेचे पाणी चिपळूणकर आणि लोट्याचे कारखाने वापरतात ते सोडून बहुतेक सगळे दाभोळच्या खाडीला मिळते.

तिसरी हरकत मात्र खरी कठीण आहे, आणि ती कोणी घेतली नाही, मलाच सुचली. भीमेत सोडलेले पाणी उजनीत जाईल आणि उजनीभोवती ऊस उभा आहे. मुंबईने पंखा बंद करायचा आणि ते पाणी कारखान्याच्या गव्हाणीत जायचे, असे होणार असेल तर आहे ते काय वाईट? विजेने निदान दिवा तरी लागतो. तेव्हा दुष्काळात उसाला बारमाही पाळ्या देत राहून शेजाऱ्याकडे आणि मुंबईकडे त्याग मागण्याचा अधिकार कोणालाच नाही, सोलापूरला नाही आणि मंड्यालाही नाही. आमच्या पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम होता की पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातील माणसांच्या मापाने मिळेल, भूमिहीनालाही मिळेल आणि ऊस लावायचा नाही. डोंगराळ गावातील शेतकऱ्यांना जे सुचले ते पाटबंधारे खात्याला सुचायला हरकत नव्हती.

तूट वाटून घेणे ही काही परदेशातून आणलेली कल्पना नाही. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धत होती. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड पाडलेले, प्रत्येक फडात एकच पीक, आणि प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी थोडीथोडी साऱ्या फडांत. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवत. त्यात पाटलाचीही पट्टी असे आणि धाकट्या कुणब्याचीही. त्यामुळे कोणता फड कोरडा ठेवायचा यावर डोकी फुटत नसत. आपल्या महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, त्यातही हेच तत्त्व घातले: खोऱ्यातील वरच्या-खालच्या धरणांत तुटीच्या वर्षी साठा सारखा करावा. त्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा जायकवाडीचा वाद दर दुष्काळात पेटतो. पेटू दे. पण वाद कशावरून होतो पाहा: किती सोडायचे यावरून. सोडायचे की नाही, हा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. कावेरीबाबतही २००७ च्या निवाड्याने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर आलेल्या प्राधिकरणाने तेवढी मजल मारली. २०२३ साली बंगळूर बंद झाले, पण आकडा समोर ठेवून भांडण झाले. कृष्णेवर आकडाच नाही.

आणि उपनगरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. तलाव भरले नाहीत की महापालिका काय करते? २०१५ च्या ऑगस्टात घरांना वीस टक्के कपात लागली, २०२४ च्या मे अखेरीस पाच टक्के आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दहा टक्के. सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागते, बायका पिंप भरून ठेवतात आणि वैतरणेचे पाणी अंधेरीचे की भांडुपचे यावर मोर्चा निघत नाही. अर्थात टक्के सारखे असले तरी पाणी सारखे मिळत नाही. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहतो. दहा टक्के कपात झाली की आमच्या नळाला हवाच येते. तरीही तलाव तळाला जाण्याच्या आधी, सर्वांना माहीत असलेल्या आकड्याने कपात करायची, ही रीत शहराने मान्य केली आहे. तीच रीत कृष्णेला लावा एवढेच मागणे.

राज्ये देत नाहीत असेही नाही. मद्रासला पिण्याचे पाणी हवे होते तेव्हा १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी आपापल्या वाट्यातून पाच-पाच टीएमसी देण्याचे कबूल केले. ते पाणी पोहोचायला १९९६ साल उजाडले हा भाग वेगळा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला नेले, ते तर काही दिवसांत जमले. मी मघापासून जे पाच टीएमसी म्हणते आहे ते मद्रासवरूनच घेतले. हजार किलोमीटरवरच्या शहरासाठी महाराष्ट्राला जे परवडले ते जत-अथणीसाठी परवडावे.

विजेच्या दरवाढीच्या वेळी वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. उपनगरांतील ग्राहक संघटना तिथे जाऊन पैशापैशासाठी झगडतात आणि झगडावेच. कोयना-मुळशीत दुष्काळी वर्षी पाणी राखल्याने बाहेरून जी वीज घ्यावी लागेल तिचा खर्च मुंबईच्या ग्राहकांवर टाकावा, तो आम्हाला मान्य आहे, असे एक निवेदन आमच्या अर्थशास्त्र मंडळाने तयार केले आहे. त्यात महिना तीनशे युनिटांच्या वर वापर असलेल्यांनाच हा भार लावावा असे म्हटले आहे. त्यावर मंडळातच दोन तट पडले, कारण वातानुकूलन यंत्र असलेल्या घरची मुले-मुलीही मंडळात आहेत. शेवटी सतरा विरुद्ध अकरा मतांनी ते कलम राहिले. मसुदा ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवला आहे. पुढच्या सुनावणीची नोटीस प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. सह्या त्याआधी हव्यात. आतापर्यंत त्रेसष्ट झाल्या आहेत.